कारभारी यांना पूर्ण ताबा

मधुसूदनराव सेलूकरांनी आयुष्यात एकदाच चार लोकांना समजेल असं काही लिहायचं मनावर घेतलं. त्यातून जे घडलं, त्यानंतर कितीतरी दिवस ते सोसायटीच्या गेटातून येता-जाता मोबाइल कानाला लावून चालायचे. पलीकडून कुणी बोलत नसायचं. पण बोलणाऱ्या माणसाला मध्येच थांबवायचं नाही, एवढी रीत आपल्याकडे अजून शिल्लक आहे, आणि मधुसूदनराव तिच्याच आडोशानं जिन्यापर्यंत पोचायचे.

गोष्ट २०१६ च्या उन्हाळ्यातली. औरंगाबाद तेव्हा बीड बायपास ओलांडून सातारा डोंगराच्या दिशेनं सुसाट निघालं होतं. दर महिन्याला एक नवी कमान उभी राहायची, तिच्यावर नवं नाव, आत लिफ्ट, क्लब हाउस, मुलांसाठी घसरगुंडी. पाणी तेवढं नसायचं. 'हरित वैभव' या सोसायटीत हिरवं म्हणण्यासारखं काही असेल तर तो गेटचा रंग. ए आणि बी अशा दोन विंगा. बोअर मार्चमध्येच आटलेली. रोज दुपारी चारला एक टँकर यायचा, एक दिवस ए विंगच्या हौदात रिकामा व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी बीच्या. या पाळीचं अख्ख्या महिन्याचं पत्रक सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये असायचं. चेअरमन अप्पाराव त्याचा कागद काढायचे, त्यावर शिक्का मारायचे आणि पंपाच्या खोलीत चिकटवायचे.

अप्पाराव एका सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. कागद वाचण्याआधी शिक्का मारायचा हात त्यांचा तीस वर्षांत तयार झालेला होता.

तर दोन मेला, सोमवारी, टँकर ए विंगला लागला. बीवाल्यांना वाटलं, झाली असेल काहीतरी गफलत. मंगळवारी तो पुन्हा एलाच लागला. तेव्हा बी विंगच्या तळमजल्यावरच्या मनकर्णाबाई तडक पंपाच्या खोलीत शिरल्या आणि भिंतीवरचा कागद ओरबाडून ऑफिसात आल्या. लासूर स्टेशनकडे शेती, मुलगा शिवराज वाळूजच्या कंपनीत, त्याच्यासाठी म्हणून त्या शहरात राहायला आलेल्या. आवाज मात्र शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा.

"वाचा! एक तारखेपसून सोळा तारखेपस्तोर समदं पानी 'ए'ला! सोळा दिस आमी काय वाऱ्यानं आंगुळ करायची?"

कागदावर खरंच तसं होतं. एक ते सोळा, ए, ए, ए. पुढं महिनाअखेरपर्यंत बी, बी, बी. खाली अप्पारावांचा ठसठशीत शिक्का.

पत्रक तिथल्या तिथं हातानं दुरुस्त झालं, पुढचे दोन टँकर बीला द्यायचं ठरलं. पण असल्या गोष्टी पाण्यावर मिटत नाहीत. फाइल बदलली कुणी? ऑफिसच्या किल्ल्या सात जणांकडे, आणि सातही जण एकमेकांकडे बघायला लागले.

इथं मधुसूदनराव उठले. ते एका बियाणं कंपनीत प्रोग्रामर होते. तीन वर्षांपूर्वी सोसायटीचा कॉम्प्युटर त्यांनीच लावून दिला होता, त्यामुळे त्या यंत्रापुरते ते गावचे वैद्य.

"कुणावर आळ घ्यायची गरजच नाही," ते म्हणाले. "प्रत्येक फाइलच्या पोटात एक यादी असते. कोण वाचू शकतो, कोण लिहू शकतो, कोण पुसू शकतो. फाइल स्वतःच सांगेल."

त्यांनी यादी पडद्यावर आणली. डी, कंस, ए, अर्धविराम, अर्धविराम, एफए, पुन्हा अर्धविराम, मग एस-एक-पाच-बत्तीस-पाचशे चव्वेचाळीस, आणि अशाच आणखी ओळी.

"ही कुणाची पत्रिका?" अप्पारावांनी विचारलं.

"ह्ये वाचायला तुमी लागनार," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुमी सांगाल त्ये खरं. मला वाचता यील असं काय हाय का?"

खरं तर त्या दोन-चार ओळींचा अर्थ मधुसूदनरावांना तिथंच दहा मिनिटांत सांगता आला असता. फाइल शेवटची कधी बदलली, ती तारीख तर शेजारीच दिसत होती. पण बाईंचा तो 'तुमी सांगाल त्ये खरं' त्यांना लागला. बावीस वर्षं आपण प्रोग्राम लिहितो, आणि शेजारच्या विंगमधल्या एका बाईला त्यातलं एक अक्षर कळत नाही! त्यांनी सभेत जाहीर केलं की दोन दिवसांत असा प्रोग्राम लिहून देतो, जो असल्या कुठल्याही यादीचं स्वच्छ मराठी करेल. टाळ्या पडल्या. मधुसूदनरावांसाठी टाळ्या म्हणजे नवी चीज होती. ऑफिसात त्यांचा प्रोग्राम चालला की कुणी काही बोलत नसे, आणि बंद पडला की सगळे बोलत.

काम तसं किरकोळ होतं. ओळ घ्यायची, अर्धविरामापाशी तोडायची, प्रत्येक तुकड्याच्या जागी मराठी शब्द बसवायचा. बुधवारी सकाळीच ते झालं. खरी मेहनत पुढं होती, कारण कोणता शब्द बसवायचा याबद्दल सोसायटीत एकही माणूस मतावाचून राहिला नाही. लिफ्टमध्ये भेटलेल्या एका गृहस्थांनी प्रत्येक नावापुढं 'यांना' हवंच, नुसतं 'ला' म्हणजे अपमान, असं सुचवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, 'फुल कंट्रोल'ला 'पूर्ण ताबा' म्हणा, नियंत्रण वगैरे नको, ते पोलिसी वाटतं. 'मनाई' फिकी पडते, 'सक्त मनाई' करा, ही अप्पारावांची सूचना. मधुसूदनराव सगळं वहीत उतरवून घेत होते. एवढ्या लोकांना आपल्या कामात रस आहे, हे बघून त्यांना रात्रीचं जेवणही कमी लागलं.

'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' या, त्या लांबलचक आकड्यामागच्या शब्दापाशी मात्र गाडी अडली. त्यांनी कोशातला 'प्रशासक' बसवला होता. अप्पाराव ते ऐकून खुर्चीतून अर्धे उठले.

"वेड लागलंय का? सोसायटीच्या बोर्डावर 'प्रशासक'? तो शब्द कधी लागतो माहितीय? सहकार खात्याचे निबंधक सोसायटीचं मंडळ बरखास्त करतात तेव्हा! उद्या सभासद विचारतील, अप्पाराव, तुम्ही गेलात कधी?"

मधुसूदनरावांनी एक संध्याकाळ विचार केला आणि त्यांना अस्सल मराठी, मातीतला, ठसकेबाज शब्द सापडला. 'कारभारी'. तो सापडल्याबरोबर त्यांनी उमाताईंना, म्हणजे बायकोला, हाक मारून ऐकवला. उमाताई शिळ्या पाण्यात भाजी धूत होत्या. "छान आहे," म्हणाल्या, आणि ते पाणी कुंडीत ओतायला गेल्या.

गुरुवारी सकाळी कागद बोर्डावर लागला. शिक्क्यासह.

पाळीपत्रक : कोणास काय अधिकार
१. कारभारी यांना पूर्ण ताबा (वाचणे, लिहिणे, पुसून टाकणे, मालकी घेणे). वारसाने प्राप्त.
२. निर्माता-मालक यांना पूर्ण ताबा. वारसाने प्राप्त.
३. सर्व वापरकर्ते यांना फक्त वाचणे.
४. पाहुणे यांना सक्त मनाई.

मधुसूदनराव स्कूटरला टेकून लांबून बघत होते. पहिल्यांदा गर्दी जमली ती दुसऱ्या ओळीपाशी. निर्माता-मालक म्हणजे आपला बिल्डरच की! जमीन अजून सोसायटीच्या नावावर करून देत नाही, आणि इकडं पाण्याच्या फाइलीवरही ताबा? ते नाव म्हणजे फाइल ज्यानं तयार केली त्याला कॉम्प्युटरनं दिलेलं आहे, हे मधुसूदनराव सांगेपर्यंत दोघांनी वकिलाला फोन लावले होते.

"आन् वारसानं प्राप्त?" मनकर्णाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "आमचं वावर वारसानं नावावर चढायला अकरा वर्सं लागली. ह्यांचं चार दिसात चढलं व्हय?"

फोल्डरला असलेले अधिकार आतल्या फाइलीला आपोआप मिळतात, त्याला तसं म्हणतात, असं मधुसूदनराव म्हणाले. हे त्यांच्या तोंडून बाहेर पडताना त्यांनाही ते फसवणुकीचं वाटलं.

दुपारी चौथ्या ओळीनं आपला प्रताप दाखवला. अप्पारावांचे सोयगावचे व्याही बाजरीचं पीठ आणि पापडाचा डबा घेऊन रिक्षातून गेटवर उतरले. गेटवर सोसायटीचा वॉचमन होता. तोच पंप चालवायचा, तोच टँकरचा व्हॉल्व्ह सोडायचा. त्यानं बोर्डावरची शेवटची ओळ वाचलेली होती आणि खालचा शिक्का बघितलेला होता.

"पाव्हन्यांना सक्त मनाई हाय," तो हात जोडून म्हणाला. "पान्यामुळं आसंल. चेरमन सायबांचाच शिक्का हाय, मी काय करू?"

व्याह्यांनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्यांनी डबा रिक्षात परत ठेवला आणि तसेच बसस्टँडवर गेले. मुलीच्या सासरचे व्याही, चेअरमनच्या दारातून, चेअरमनच्या शिक्क्यानं परत. अप्पारावांना हे मुलीच्या फोनवरून कळलं. ते खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून लिफ्टमधली माणसंही जिन्यानं गेली.

आणि त्यांना वाचायला सापडली ती पहिली ओळ.

त्या वॉचमनचं नाव कारभारी होतं.

तीन वर्षं तो माणूस मधुसूदनरावांची स्कूटर सावलीत लावून ठेवत होता. तीन वर्षं मधुसूदनराव त्याला 'वॉचमन' म्हणत होते, फार तर 'अहो वॉचमन'. त्याला नाव असेल असा संशयच त्यांना कधी आला नव्हता. बाकी सगळ्या सोसायटीला ते ठाऊक होतं.

संध्याकाळी ऑफिसात दाटी झाली. "कागद वाच," अप्पाराव कारभारीला म्हणाले. "काय लिहिलंय? वाचणे, लिहिणे, पुसून टाकणे. फाइल बदलायचा हक्क तुझा. वर आणि माझे व्याही हाकलतोस!"

कारभारीनं ती ओळ हळूहळू वाचली, दोनदा. पन्नाशीचा, पैठणकडचा माणूस. सरळ उभं राहायची सवय. "सायेब, मला त्ये मशीन चालू बी करता येत नाय," तो म्हणाला. "मी त्याची निस्ती धूळ पुसतो."

"पुसतोच ना? तेच लिहिलंय, पुसून टाकणे!" मागून कुणीतरी म्हणालं. एवाल्यांनी त्याला फितवलं असणार, असं बीवाले म्हणाले. आपल्यावर आळ नको म्हणून एवाले त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले.

मधुसूदनराव उठले. तोंड उघडलं. हा शब्द त्या अर्थाचा नाही, कारभारी म्हणजे त्या कॉम्प्युटरचे मुख्य वापरकर्ते, असं एक वाक्य बोलायचं होतं. आणि ते वाक्य ओठांवर येता येता पुढचा प्रश्न त्यांना लख्ख दिसला. मग असे मुख्य वापरकर्ते किती आहेत?

एकच. तीन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर लावताना त्यांनी तो मान फक्त स्वतःकडे घेतला होता. पत्रकाची फाइल आधी सगळ्यांना उघडी होती. रविवारी, एक मेला, सुरक्षित राहावी म्हणून त्यांनीच ती 'महत्त्वाचे' नावाच्या फोल्डरात ठेवली. ठेवताना जरा टापटीप करावी म्हणून विंगांचा रकाना निवडला आणि क्रमानं लावला. फक्त तो एक रकाना. तारखा जागच्या जागी राहिल्या, आणि सगळे ए वर गेले, सगळे बी खाली. तेवढ्यात उमाताईंनी जेवायला हाक मारली, म्हणून न बघताच फाइल बंद करून ते श्रीखंडावर जाऊन बसले होते.

सोमवारी ए विंगला जादा पाणी आलं, तेव्हा याच मधुसूदनरावांनी दोन बादल्यांनी आंघोळ केली, स्कूटर धुतली, आणि उमाताईंना म्हणाले होते, "नियोजन असलं की दुष्काळसुद्धा जाणवत नाही."

"बोला ना, सेलूकर," अप्पाराव म्हणाले.

"काही नाही," मधुसूदनराव म्हणाले. "खुर्ची जरा हलते आहे."

आणि खाली बसले. अप्पारावांनी कारभारीकडून व्हॉल्व्हची किल्ली काढून घेतली. चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर यायचं नाही.

शुक्रवारी चेअरमन स्वतः व्हॉल्व्ह सोडायला गेले. तो कोणत्या बाजूला फिरतो हे त्यांना कुणी शिक्का मारून सांगितलेलं नव्हतं. बी विंगचा अर्धा टँकर हौदाऐवजी गटारात गेला, आणि बायका-मुलं पातेली घेऊन गटाराकडे धावली. रजा टाकून घरी बसलेल्या मधुसूदनरावांनी हे तिसऱ्या मजल्यावरून, पडद्याच्या फटीतून बघितलं.

संध्याकाळी ते दूध घेऊन परतले, तर कारभारी गेटसमोरच्या सिमेंटच्या पाइपावर बसलेला. मनकर्णाबाईंनी दिलेली भाकरी कागदात तशीच बांधलेली. तो उठून जवळ आला, स्कूटरचा हँडल नेहमीसारखा धरला.

"सायेब, तुमी लिवलंय म्हनल्यावर बरोबरच आसंल. तुमी शिकलेले. फकस्त माजं नाव त्याच्यात कसं गेलं, तेवढं सांगा. घरी साळूबाई इचारती. मला सांगता येत नाय."

मधुसूदनराव म्हणाले, "बघतो." ऑफिसात गेली बावीस वर्षं ते हाच शब्द वापरत आले होते. त्या दिवशी तो त्यांना स्वतःच्याच तोंडात कडू लागला.

शनिवारी सकाळी त्यांनी उमाताईंना सगळं सांगितलं. उमाताईंनी ऐकून घेतलं. पोळी तव्यावर होती, ती उतरवली.

"मग खाली जाऊन सांगा."

"संध्याकाळी सांगतो. जरा शब्द जुळवतो."

"शब्द जुळवूनच हे झालंय ना, अहो?"

शब्द न जुळवता मधुसूदनराव चार वाजता टँकरपाशी गेले. दोन्ही विंगा जमलेल्या होत्या. ते म्हणाले, फाइल मी बिघडवली, कारभारींचा काही संबंध नाही. मधुसूदनरावांनी मान खाली घालून पुढच्या शिव्यांची वाट बघितली.

"वा!" कुणीतरी म्हणालं. "याला म्हणतात मोठं मन!"

"गरिबाची नोकरी वाचावी म्हणून स्वतःच्या अंगावर घेतलं बघा," निवृत्त शिक्षिका डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या. "आजकाल कोण करतं?"

"अहो, खरंच मी केलं!"

"कळलं, कळलं," अप्पाराव त्यांच्या खांद्यावर थोपटत म्हणाले. "पण सेलूकर, दया वेगळी आणि पुरावा वेगळा. कागद काय सांगतो? आणि कागद तुमच्याच प्रोग्रामनं काढलाय."

मधुसूदनराव रकाना, क्रम, मुख्य वापरकर्ते असं समजावत राहिले, आणि जितकं समजावलं तितकं लोकांना त्यांचं मन मोठं होताना दिसलं. शेवटी ते ऑफिसात पळाले. स्वतःला गुन्हेगार ठरवण्यासाठी प्रोग्राम दुरुस्त करणं हे काम त्यांनी बावीस वर्षांत केलं नव्हतं. अर्ध्या तासानं नवा कागद बाहेर आला. 'या फाइलमध्ये बदल करू शकणारी माणसे : एक. मधुसूदन सेलूकर, ए-३०४. शेवटचा बदल : रविवार, १ मे, दुपारी १२.४०. बदल करणारा : वरीलप्रमाणे.'

मनकर्णाबाईंनी तो बोट फिरवत वाचला. यावेळी त्यांना सगळं वाचता आलं.

"म्हंजी मंगळवारी बी ठाव नव्हतं तुमाला?"

"मंगळवारी नव्हतं."

"आन् गुरवारी?"

बाईंनी कागद त्यांच्या हातात परत दिला आणि घागर उचलून त्या निघून गेल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मधुसूदनरावांना त्या दिवशी जेवण गेलं असतं.

तरी कारभारीला लगेच परत घेता येईना. पहिल्या कागदावर शिक्का होता, आणि शिक्का मारलेला कागद सभेच्या ठरावाशिवाय खोटा ठरत नाही, असं अप्पारावांचं म्हणणं. रविवारी सभा बोलावली. गणपूर्ती झाली नाही. नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब करून तीच माणसं त्याच खुर्च्यांवर पुन्हा बसली आणि ठराव झाला: 'कारभारी या शब्दाचा अर्थ कारभारी असा घेण्यात येऊ नये.' सूचक सेलूकर. अनुमोदन द्यायला बराच वेळ कुणी हात वर केला नाही. मग उमाताईंनी केला.

सोमवारी दुपारी कारभारी कामावर आला. किल्ली कमरेला लावली. त्याच्याबरोबर साळूबाई होती, त्याची बायको. काटक, हिरव्या लुगड्यातली. ती गेटातच उभी राहिली.

"आमच्या गल्लीत समद्यांना कळलंय, ह्यांनी पानी चोरलं म्हनून," ती म्हणाली. "तुमच्या बोर्डाचं मला काय करायचं? मला कागद पायजे. मी घरोघर दावनार."

मधुसूदनराव ऑफिसात गेले आणि हातानं कागद लिहून आणला. साळूबाईला वाचता येत नव्हतं. "तुमीच वाचा," ती म्हणाली. टँकरसाठी दोन्ही विंगा जमायला लागल्या होत्या.

"सोसायटीच्या पाळीपत्रकात अनवधानाने त्रुटी राहून गेली," मधुसूदनरावांनी वाचलं, "व त्यामुळे गैरसमज निर्माण झाला..."

"कुनाकडून ऱ्हायली?"

"म्हणजे... ती राहिली."

"आपोआप ऱ्हायली का?"

त्यांनी खोडून लिहिलं, 'माझ्याकडून चूक झाली.' साळूबाईनं ते ऐकलं आणि मान हलवली.

"चूक झाली त्ये ऱ्हाऊ द्या. चूक कुनाची बी व्हती. माजा मानूस दोन दिस भाईर पाइपावर बसला, त्याचं काय लिवलंय? तवा तुमाला ठाव व्हतं का नव्हतं?"

कारभारी म्हणाला, "जाऊ दे ना, सायेब हायेत."

"तुमी गप बसा. तुमी गपच बसता."

मधुसूदनरावांनी कागद स्कूटरच्या सीटवर ठेवला आणि तिसऱ्यांदा लिहायला घेतलं. यावेळी शब्दांसाठी कुणी काही सुचवलं नाही. पेन दोनदा थांबलं. तेवढ्यात टँकर आत आला आणि कारभारी नळी लावायला गेला. मधुसूदनरावांनी कागद हातात घेतला.

"पाण्याचं पत्रक मी बिघडवलं. कारभारी यांनी काही केलं नाही. मला हे गुरुवारी कळलं. मी दोन दिवस गप्प बसलो, कारण मला लाज वाटली."

टँकरचं इंजिन घरघरत होतं. साळूबाईनं कानामागं हात धरला.

"मशीनच्या आवाजात ऐकू नाय आलं. परत वाचा."

मधुसूदनरावांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून वाचलं, मोठ्यानं.